बरीच वर्षं उभी असलेली वारशाची स्पोर्ट्स कार सुरू होते पण दहा-पंधरा मिनिटांत बंद पडते : काय तपासायचं, कुठे थांबायचं

लक्षणं आधी सांगतो. ती जुळत असतील तरच पुढचं वाचा, कारण उभ्या राहिलेल्या गाडीत पन्नास गोष्टी बिघडतात आणि हे सगळं एकाच बिघाडाबद्दल आहे.

- गाडी थंड असताना पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू होते, आयडलिंगही छान असतं, आणि आपल्याला वाटतं की झालं काम.
- रस्त्यावर काढली की दहा-पंधरा मिनिटं मजेत चालते, मग चढावर किंवा जरा रेस दिली की झटके खायला लागते, मागून कोणीतरी धरून ओढतंय असं वाटतं.
- त्या वेळी चोक थोडा ओढला की क्षणभर सुधारते, आणि मग बंद पडते.
- बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी परत सुरू होते.
- कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) साफ केला की आठवडाभर बरी असते, मग पुन्हा तेच.

ही शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. कार्बोरेटर तीनदा साफ करूनही दुखणं परत येत असेल तर दुखणं कार्बोरेटरमध्ये नाहीये, त्याच्या मागे कुठेतरी आहे.

माझ्याकडे आलेली गाडी मामाची, १९७१ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर. मामा गेल्यावर ती माझ्याकडे आली तेव्हा चौदा वर्षं शेडमध्ये उभी होती. त्यानंतर मित्रांच्या आणि ओळखीतल्यांच्या मिळून आणखी पाच गाड्यांवर हाच बिघाड काढला, त्यातल्या दोन एमजीबीच, बाकी वेगळ्या, पण कारण सहाच्या सहा वेळा इंधनाच्या वाटेवरच सापडलं. आणि सहाही वेळा आधी कोणीतरी प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्युटर कॅप सगळं बदलून झालेलं होतं. इग्निशनच्या, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेच्या, मागे लागायची घाई सगळ्यांनाच होते, मलाही झाली होती, त्यात दोन महिने गेले.

अजून गाडी सुरूच केली नसेल तर

आधी किल्ली बाजूला ठेवा. गाडी वडिलांची, काकांची, आजोबांची असते, इंजिनचा आवाज ऐकायची ओढ असते हे मला पूर्ण मान्य आहे, पण कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या गंजलेल्या रिंगा सेल्फच्या जोरावर फिरवल्या तर भिंतींवर ओरखडे पडतात आणि ते नुकसान परत भरून येत नाही. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस जाऊ द्या, मग गाडी चौथ्या गेअरमध्ये टाकून हाताने पुढे-मागे ढकलून इंजिन फिरतंय का बघा. फिरलं तर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला आणि प्लग काढलेलेच ठेवून, कॉइलची वायर सोडवून, ऑइलच्या दाबाचा काटा हलेपर्यंत थोडं थोडं थांबून सेल्फ मारा. प्लग नसल्यामुळे दाब नसतो, बेअरिंगवर भार येत नाही आणि ऑइल सगळीकडे पोचतं. या इंजिनात फिल्टर बदलल्यावर ऑइलचा पंप कधी कधी लगेच ऑइल उचलत नाही, त्यामुळे ही पायरी गाळू नका. इंजिन हाताने फिरलंच नाही तर लांब पाइप लावून जोर करू नका, इथेच थांबा आणि इंजिनवाल्याला बोलवा.

बॅटरी जोडताना अर्थ (बॉडीला जोडलेली वायर) कुठल्या टोकाला आहे ते बघा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये अधिक टोक बॉडीला असायचं, नंतर वजा आलं, आणि मधल्या काळात कोणी बदलून घेतलेलं असू शकतं म्हणून सालावर विसंबू नका, प्रत्यक्ष वायर कुठे जाते ते बघा. उलटं जोडलं तर अल्टरनेटर क्षणात जातो. सीटच्या मागे झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील तर दोघींना जोडणारी केबलही घासून साफ करा, तिथली पांढरी पावडर निम्मा करंट खाते.

आणि गाडी चालवून बघायच्या आधी ब्रेक. हा विषय वेगळा आहे पण याशिवाय पुढे जाऊ नका. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात, आणि रबरी होज आतून फुगतात, मग पेडल दाबलं की दाब पुढे जातो पण सोडल्यावर परत येत नाही आणि चाक धरून राहतं. पेडल हळूहळू खाली जात असेल, कुठलंही चाक धरत असेल, किंवा हे काम तुम्ही आधी कधी केलेलं नसेल तर ते जाणकाराकडूनच करून घ्या. टायरवरचा आकडाही वाचा, २३०८ असेल तर २००८ सालचा तेविसावा आठवडा, आणि शेवटी तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. नक्षी कितीही नवीन दिसली तरी असे टायर फक्त गाडी हलवायच्या लायकीचे.

पहिली तपासणी : गाडी नेमकी कशी मरते?

याला काहीच खर्च नाही, फक्त लक्ष द्यायचं. इंधन कमी पडल्यावर गाडी झुलत झुलत मरते, झटका, जरा सुधारणा, परत झटका. इग्निशन गेलं की बहुतेक वेळा दिवा विझवल्यासारखी एकदम जाते. अजून पक्की खूण हवी असेल तर गाडी गेअरमध्ये धावत असताना मरायला लागली की क्लच न दाबता आरपीएमच्या काट्याकडे बघा. ज्या गाड्यांत हा मीटर इग्निशनच्या वायरवर चालतो त्यांत गाडी अजून धावतेय आणि काटा मात्र धाडकन शून्यावर पडला तर कॉइलला वीज मिळत नाहीये किंवा पॉइंटचं (ठिणगीसाठी वीज चालू-बंद करणाऱ्या संपर्कांचं) काहीतरी झालंय. काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरत असेल तर ठिणगी पडतेय, पेट्रोल नाहीये. केबलवर चालणारा मीटर असेल तर ही खूण उपयोगाची नाही. रिकामा सरळ रस्ता असेल तरच हे करा आणि शेजारी कोणाला तरी बसवून काटा बघायचं काम त्यांना द्या.

चोक ओढल्यावर सुधारणं हीदेखील अशीच खूण, कारण एसयू कार्बोरेटरमध्ये चोक जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) खाली खेचतो, पेट्रोलची वाट मोठी होते, आणि जे थोडंफार पेट्रोल येतंय त्यावर इंजिन तगून राहतं.

दुसरी : टाकीचं झाकण

गाडी बंद पडल्या पडल्या उतरा, झाकण सोडवा आणि कान लावा. हवा आत ओढल्याचा सूऽऽ आवाज आला तर टाकीला श्वास घ्यायला जागा नाहीये. पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर आत पोकळी तयार होते आणि पंपाला काही केल्या पेट्रोल खेचता येत नाही. कोणीतरी मधे चुकीचं, बिनछिद्राचं झाकण बसवलेलं असतं किंवा छिद्रात माती बसलेली असते. सहापैकी एका गाडीत सगळं दुखणं एवढंच होतं. टाकी अर्धी ठेवून, झाकण जरा ढिलं करून थोडं अंतर चालवून बघा, बरी चालली तर उत्तर मिळालं.

तिसरी : बरणी

हा माझा आवडता प्रकार. कार्बोरेटरकडे येणारा पाइप काढून थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या, झाकण लावा, घरापासून आणि आगीपासून लांब सावलीत ठेवा आणि रात्रभर हलवू नका. मामाच्या गाडीचं पेट्रोल घेतलं तेव्हा नुसतं जरा पिवळट वाटत होतं, सकाळी बघतो तर तळाशी विटेच्या भुकटीसारखा बारीक थर, बरणी तिरकी केली की तो धुरासारखा वर उठायचा, आणि त्याच्या बाजूला पाण्याचे दोन मणी इकडून तिकडे पळत होते. तिथे मला सगळं कळायला हवं होतं. इतका बारीक गंज साध्या फिल्टरमधून सुद्धा थोडाफार निसटतो, आणि फ्लोटच्या नीडलवर (कार्बोरेटर भरला की पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या सुईवर) जाऊन बसतो.

वासही घ्या, पण लांबूनच. जुनं पेट्रोल रंगाच्या डब्यासारखं, आंबूस वास मारतं. ते थोडं ताज्या पेट्रोलमध्ये मिसळून संपवू असा विचार करू नका, सगळं काढा. आणि हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाशी वेगळे होतात, आणि टाकीतून उचलणारी नळी तळाशीच असते, म्हणजे पंप तेच आधी पाठवतो.

चौथी : पंपाचा आवाज

इलेक्ट्रिक एसयू पंप असेल तर किल्ली फिरवल्यावर मागून टकटकटक ऐकू येतं, एमजीबीत उजव्या मागच्या चाकाजवळून, आणि फ्लोट चेंबर (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाट्या) भरले की आवाज थांबतो. आवाज थांबतच नसेल तर एकतर पेट्रोल येत नाहीये, किंवा पंपाच्या मागच्या बाजूला हवा खेचली जातेय, किंवा नीडल बसत नाहीये आणि कार्बोरेटर उतू जातोय. उतू जातोय का ते लगेच बघा, तापलेल्या इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. आवाजच येत नसेल तर पंपाची अर्थ वायर काढून घासून परत बसवा, चौदा वर्षं ओलीत राहिलेली अर्थ आधी जाते. पान्याच्या मुठीने पंपावर हलकेच टकटक केल्यावर तो जागा होत असेल तर आतले पॉइंट संपलेत. या युक्तीने घरी पोचता येतं, दुरुस्ती होत नाही.

पंप बदलायची वेळ आली तर दाब बघून घ्या. एसयू कार्बोरेटरला ३ पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) आसपास पुरतं. जास्त ताकदीचा पंप बसवला तर पेट्रोल नीडलला ढकलून वर येतं आणि एक बिघाड काढताना दुसरा तयार होतो.

पाचवी : बाटली भरायची चाचणी

इथून पुढे पेट्रोल उघड्यावर येतं, म्हणून मोकळी हवा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी, गाडी थंड, जवळपास सिगरेट नाही, पणती नाही, ड्रिल नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते, म्हणून खड्ड्यात किंवा बंद शेडमध्ये हे काम नकोच.

कॉइलची वायर काढून तिचं टोक झाका, कारण इंजिन बंद, किल्ली चालू आणि पॉइंट मिटलेले असले की कॉइल तापत राहते. मग कार्बोरेटरचा पाइप पेट्रोलसाठीच्या कॅनमध्ये सोडा आणि किल्ली फिरवा. मिनिटाला अर्धा लिटर तरी आरामात यायला हवं, ठोक्या-ठोक्याने, बुडबुडे न येता. आता बहुतेक जण इथे चूक करतात, अर्धा मिनिट बघतात, धार छान आहे म्हणतात आणि पाइप परत लावून कॉइल बदलायला जातात. चार-पाच मिनिटं चालू ठेवा, कॅन तेवढा मोठा घ्या. मामाच्या गाडीत पहिलं दीड मिनिट मस्त धार होती, मग ती बारीक झाली, मग नुसते थेंब, आणि पंप मात्र जोरजोरात टकटक करत होता. पंप बंद करून दहा मिनिटं थांबलो, परत चालू केला, परत मस्त धार.

हे असं का होतं? टाकीत उचलणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. पंप खेचतो तसा गंजाचा गाळ जाळीवर जाऊन चिकटतो आणि वाट बुजते. ओढ थांबली की गाळ आपोआप सुटून खाली बसतो आणि वाट मोकळी होते. म्हणून तर गाडी दहा मिनिटं उभी केली की शहाण्यासारखी सुरू होते. आणि म्हणूनच कार्बोरेटर साफ करून काही दिवसच बरं वाटतं.

खात्री करायची असेल तर पंपाच्या टाकीकडच्या बाजूचा पाइप काढा, तिथून सायकलच्या पंपाने टाकीकडे हवा सोडा, झाकण उघडं ठेवून. टाकीत बुडबुड आवाज यायला हवा. आधी हवा जाईना आणि मग एकदम मोकळी झाली आणि त्यानंतर गाडी थोडे दिवस नीट चालली, तर आता टाकीबद्दल शंका उरत नाही.

सहावी : फिल्टर आणि रबरी पाइप

स्वस्तातलं काम आहे, करूनच टाका. पारदर्शक फिल्टर घ्या म्हणजे रंग दिसतो. रबरी पाइप बाहेरून चांगले दिसले तरी वाकवून बघा, बारीक चिरा दिसतात, आणि जुन्या रबराला इथेनॉल आतून खातं, काळे कण सुटतात, किंवा आतला थर सुटून झडपेसारखा आडवा येतो. इथेनॉलला टिकणारे पाइपच घ्या, त्यावर आर९ असं छापलेलं असतं. टाकी आणि पंपामधल्या पाइपची क्लिप ढिली असेल तर गळत काहीच नाही पण हवा आत जाते, हे लक्षात यायला फार वेळ लागतो.

सातवी : इग्निशन, आता

पहिल्या तपासणीत काटा धाडकन पडला असेल तर हे सगळ्यात आधी करा, नाहीतर इथे. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, प्लगची ०.६३ च्या आसपास. कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबीसारखा भाग) तापल्यावर जातो आणि थंड झाल्यावर परत चालतो, त्यामुळे त्याचं सोंग इंधनाच्या बिघाडासारखंच असतं. जुना कंडेन्सर चालू असेल तर नुसता नवा आहे म्हणून दुसरा बसवू नका, हल्ली मिळणारे काही नवे पहिल्याच आठवड्यात जातात. कॉइल हाताला गरम लागते ते ठीकच आहे, पण हात ठेवता येत नसेल तर ती गाडीला जुळणारी आहे का बघा, बॅलास्टवाल्या (कॉइलच्या आधी करंट कमी करणारा रेझिस्टर असलेल्या) गाडीची कॉइल साध्या गाडीला लावली की ती उकळते.

आठवी : कार्बोरेटर

इंधन भरपूर येतंय, ठिणगी चांगली आहे, तरी त्रास आहे, तेव्हा फ्लोट चेंबर उघडा. तळाशी चिकट तपकिरी थर असेल तर तो सुकलेल्या पेट्रोलचा. नीडल आणि तिची बैठक नवी घाला. कार्बोरेटरचा वरचा पिस्टन बोटाने उचलून सोडा, टक आवाज करत खाली बसला पाहिजे, अडकत असेल तर आतून पुसून घ्या, पॉलिश पेपर अजिबात लावू नका, ते माप फार बारकाईने केलेलं असतं.

नववी : टाकी उतरवणं

हे सगळ्यात कष्टाचं आणि बहुतेक वेळा खरं उत्तर. मामाने गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवली होती, प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल आणि किलोमीटर लिहिलेले, शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात "टाकी अर्धी" एवढंच. टाकी उतरवून सेंडरच्या (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या भागाच्या) भोकातून बाहेरून टॉर्चचा प्रकाश टाकला तर खालचा अर्धा भाग जवळजवळ स्वच्छ, वरचा अर्धा गंजाने सोललेला, मधे फूटपट्टीने आखावी अशी रेष. चौदा वर्षं वरच्या मोकळ्या जागेत ओलावा धरत राहिला आणि गाडी हलली की तिथले पापुद्रे खाली पडत होते.

टाकी भक्कम असेल तर पूर्ण रिकामी करून, साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुऊन, सायट्रिक ॲसिडचं पाणी किंवा व्हिनेगर भरून दिवसभर ठेवता येतं, मग सोड्याच्या पाण्याने धुवायची आणि ताबडतोब कोरडी करायची, कारण उघडं पडलेलं लोखंड तासाभरात परत लाल व्हायला लागतं. कोरडी झाली की आत थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोल फिरवा. आतून लेप द्यायच्या मी विरोधात आहे, एका गाडीत आधीच्या मालकाने दिलेला लेप कागदासारखा सुटून नळीच्या तोंडाशी आला होता. एमजीबीच्या टाकीचा वरचा पत्रा बाहेरूनही तपासा, टाकी आणि डिकीच्या तळामधे ओली माती अडकते आणि तिथूनच भोकं पडतात. भोकं असतील तर ठिगळं लावत बसू नका, नवी टाकी घ्या, या गाडीसाठी ती बनवून मिळते.

टाकीला वेल्डिंग, सोल्डरिंग, ग्राइंडर यातलं काहीही स्वतः करू नका, अगदी महिनाभर रिकामी असली तरी. पत्र्याच्या सांध्यात उरलेल्या वाफेने रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा भयानक फुटते. ते काम टाक्याच दुरुस्त करणाऱ्यांचं.

कुठे थांबायचं

ब्रेकचं, न फिरणाऱ्या इंजिनचं आणि टाकीच्या वेल्डिंगचं वर सांगितलं. याशिवाय सुरू झाल्यावर काही सेकंदांत ऑइलचा काटा उठला नाही तर लगेच बंद करा. या इंजिनात गरम असताना चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय आणि आयडलिंगला १० ते २५ दाखवायला हवं. खालून ठोके येत असतील, एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा खूप कमी असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल, किंवा कार्बोरेटरचं सगळं नीट असूनही पेट्रोलचा वास जात नसेल, तर गाडी उभी करा आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक शोधा. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून काहीही तपासू नका, त्या धुराला वास आला नाही तरी माणूस बेशुद्ध पडतो.

टाकी बसवल्यावर पारदर्शक फिल्टर ५० किलोमीटरला बदला, मग २०० ला, मग ५०० ला. प्रत्येक काढलेल्या फिल्टरवर चिकटपट्टी लावून किलोमीटर लिहा आणि शेजारी शेजारी ठेवा, रंग कमी होत गेलेला दिसायला हवा. तिसरासुद्धा पहिल्याइतकाच लाल असेल तर टाकीत अजून गंज सुटतोय, ती परत उतरवावी लागेल. आणि गाडी पुन्हा काही महिने उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा, पेट्रोल टिकवायचं औषध घाला आणि मोकळ्या हवेत दहा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल, मग बॅटरी सोडवा आणि तारीख वहीत लिहून ठेवा.